आकड्याकडे बघू नकोस

आई हल्ली मला विचारून कुकर लावते. सकाळी फोन येतो, "अगं, तांदूळ जुना आहे, पाणी थोडं जास्त घालू का?" मी राजारहाटला, ती बालीगंजला. मधे अख्खं कोलकाता. मला तिचा तांदूळ दिसत नाही, पातेलं दिसत नाही, तरी मी म्हणते, "घाल." सुरुवातीला मी म्हणून बघितलं की तुला वाटेल तेवढं घाल. मग ती त्या दिवशी भातच लावत नाही.

माझी आई अशी नव्हती. बाबांची खिदिरपूरच्या गोदीत बदली झाली तेव्हा ती तिशीच्या आतली होती, बंगालीचा गंध नव्हता. सहा महिन्यांत ती गडियाहाटच्या भाजीवाल्याशी भांडायला लागली. क्रियापदं मराठी आणि बाकी सगळं बंगाली असं ते भांडण असे, आणि ती जिंकून यायची. माझी शाळा तिने ठरवली, निवृत्तीनंतर नागपूरला न जाता इथेच राहायचं हे तिने ठरवलं, बाबांचा पहिला डॉक्टर "हा नुसता घड्याळाकडे बघतो" म्हणून तिनेच बदलला. विचारणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो.

तिला अशी मी केली. ते कसं, ते लिहिते.

बाबांना जुना मधुमेह. गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि इन्सुलिन सुरू झालं. जेवणाआधी बोट टोचून शुगर बघायची, मग पेनने ठरलेला डोस द्यायचा, आणि शुगर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर असेल तर थोडा जादा. कमी असेल तर डोस द्यायचा नाही, आधी काहीतरी खायला द्यायचं. टोचायचं काम आईकडे. बाबा सिस्टरला हात लावू देत नसत. "तुमच्या बायकोचा हात हलका आहे," असं डॉक्टर एकदा म्हणाले होते आणि ती ते येईल त्याला ऐकवायची.

पण आकड्यांनी ती घाबरायची. काल एकशे साठ होती, आज एकशे नव्वद कशी, मग परवाची दह्याची मिष्टी दोई नडली का, असा दर सकाळी फोन. मी सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलामुलींना शिकवते. सकाळी वर्ग असतो. बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने आईची समजूत घालायची, हा माझा रोजचा कार्यक्रम झाला होता. शेवटी मी एका रविवारी बसून तिच्यासाठी मोबाइलवर उघडेल असं एक वेबपेज केलं. शुगरचा आकडा टाकायचा आणि बटण दाबायचं. हिरवं आलं तर नेहमीचा डोस. लाल आलं तर जादा. निळं आलं तर डोस नाही, आधी खाणं.

"आता तू आकड्याकडे बघू नकोस," मी तिला म्हटलं. "नुसता रंग बघ."

ती इतकी खूश झाली की खालच्या मजल्यावरच्या मासीमांना वर बोलावून तिने ते पान दाखवलं. "माझ्या लेकीने केलंय." मासीमांना रंग बघायचे होते म्हणून आईने खोटे आकडे टाकून लाल-हिरवं करून दाखवलं. मी सोफ्यावर बसून संदेश खात होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं.

जावास्क्रिप्ट नावाची जी भाषा मी शिकवते, तिच्यात काहीही ठेवायचं झालं तर आधी एक नाव जाहीर करायचं असतं. लेट असं लिहायचं आणि पुढे ते नाव. त्या नावात आकडा येणार की अक्षरं, हे सांगावं लागत नाही. मी ज्या भाषा आधी शिकले त्यांत ते सांगावं लागायचं. या नावात फक्त आकडा येईल असं तिथे एकदा लिहिलं की नंतर त्यात अक्षरं घालू गेल्यास काम तिथेच अडायचं. ही भाषा अडवत नाही. सकाळी आकडा ठेवा, दुपारी कुणाचं नाव ठेवा, ती निमूट घेते. वर्गात मी म्हणायचे, घरातल्या स्टीलच्या डब्यासारखं आहे हे, झाकणावर डाळ लिहिलंय म्हणून आत डाळच असेल असं नाही. मुलं हसायची. मलाही माझं वाक्य आवडायचं.

पानाच्या पहिल्या आवृत्तीत मर्यादा मीच लिहिली होती. एकशे ऐंशी, साधा आकडा. आई जे टाइप करायची ते मात्र अक्षरं म्हणून यायचं, कारण पानावरच्या चौकटीत काहीही टाइप केलं तरी ब्राउझर ते मजकूर म्हणूनच हाती देतो. पण एका बाजूला खरा आकडा असला की ही भाषा दुसऱ्या बाजूच्या अक्षरांचाही आकडा करून घेते आणि मग तुलना करते. त्यामुळे सगळं सुरळीत चालत होतं. मला हे माहीत होतं. स्वतः आकडा करून घ्यायला एक शब्द लिहावा लागतो, तो मी लिहिला नाही. भाषा करतेच आहे, मग मी कशाला करू?

मग डॉक्टर मर्यादा बदलायला लागले. दर भेटीला थोडी वर, थोडी खाली. प्रत्येक वेळी आईचा फोन, "आता किती केलंयस गं तू? त्यांनी आज वेगळं सांगितलंय." मी वैतागले. खरंच वैतागले, तिच्याशी तुसडेपणाने बोलले. आणि मर्यादेसाठीही एक चौकट करून दिली. "हे घे, इथे तूच भर. आता मला विचारू नकोस." पाच मिनिटांचं काम. जिथे माझा आकडा होता, त्याच नावात आता आईने टाइप केलेलं यायला लागलं. लेटऐवजी कॉन्स्ट लिहिलं असतं तर त्या नावात दुसरं काही ठेवताच आलं नसतं, लाल अक्षरांत चूक दिसली असती, मी थांबले असते. मी लेट लिहिलं होतं, कारण पुढे काही बदलावं लागलं तर अडायला नको.

एक-दोनदा आकडे टाकून बघितलं. दोनशे दहा, लाल. एकशे चाळीस, हिरवं. झालं. बाबांची शुगर कधी शंभराच्या खाली जाताना मी बघितलीच नव्हती, त्यामुळे दोन आकडी संख्या टाकून बघायचं मला सुचलं नाही.

तो दुर्गापूजेच्या आधीचा आठवडा होता. गल्लोगल्ली मंडपाचे बांबू बांधून झाले होते, बस कुठून वळेल याचा नेम नव्हता, मला उशीर झाला होता. वर्गाच्या दारात आईचा फोन आला.

"अगं, यांचं अंग गार लागतंय मला. मान घामाने ओली आहे."

"शुगर बघितलीस?"

"बघितली. लाल आलंय."

"मग जादा दे."

"दे म्हणतेस? आकडा छोटाच दिसतोय गं मला."

आत मुलं लॅपटॉप उघडून बसली होती. मी म्हटलं, "आई, तुला किती वेळा सांगितलं, आकड्याकडे बघू नकोस म्हणून. पान सगळा हिशोब करून सांगतंय ना? लाल आहे ना? मग दे. मी वर्गात आहे."

"बरं," ती म्हणाली.

ती इतक्या पटकन कधी कुणाचं ऐकत नसे. माझं ऐकलं.

पुढचा फोन मासीमांचा होता. बाबा खुर्चीतून घसरले होते, कुणाला ओळखत नव्हते, तोंडाला फेस. मासीमांनी वर येऊन बघितलं आणि "ए तो शुगर पोडे गेछे", यांची शुगर उतरलीय, म्हणत गालाच्या आत साखर चोळली. त्यांचे यजमान याच आजाराने गेले, म्हणून मासीमांना आकडा बघावा लागला नाही. गल्लीतल्या क्लबातली माणसं मंडप बांधायचं सोडून आली आणि त्यांनी बाबांना खुर्चीसकट दोन जिने उतरवलं. मी टॅक्सीने पोचले तेव्हा नर्सिंग होममध्ये त्यांना ग्लुकोजचं सलाइन लागलं होतं आणि ते डोळे उघडून छताकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पेन आणि शुगरचं मशीन, तिने ते घरी ठेवलंच नव्हतं. मी शेजारी बसले तेव्हा ती म्हणाली, "मी दिलं."

"आई, किती होती शुगर?"

"अडुसष्ट."

मी तिथेच, बाकावर, माझ्या फोनवर ते पान उघडलं. मर्यादेत एकशे ऐंशी भरलं आणि खाली अडुसष्ट टाकून बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. लाल.

दोन्ही बाजूंना अक्षरं होती. अक्षरांची तुलना ही भाषा शब्दकोशासारखी करते, पहिलं अक्षर आधी बघते. अडुसष्टातला सहा, एकशे ऐंशीतल्या एकच्या पुढचा. म्हणून अडुसष्ट मोठं. दोन्ही तीन आकडी असले की उत्तर बरोबर यायचं आणि इतके दिवस ते तीन आकडीच होते. कमी शुगरची अट मी लिहिली होती, पण जास्तीच्या अटीनंतर. तिथपर्यंत पान पोचलंच नाही. बाबांच्या जिवाला ज्या दिवशी खरा धोका होता, नेमकं त्याच दिवशी ते पान उलटं सांगणार होतं, आणि ते तसं मी लिहिलं होतं.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आधी त्या भाषेचा, की तिने एकदाही अडवलं नाही. मग लक्षात आलं, अडवलं होतं की. आईने अडवलं होतं. आकडा छोटा दिसतोय म्हणाली होती.

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. चूक पानाची आहे, म्हणजे माझी आहे, तू बरोबर बघितलं होतंस, तुझा हात नाही यात. ती ऐकत होती. मी अक्षरं आणि आकडे समजावत राहिले, जणू समोर वर्गच बसलाय. ती म्हणाली, "पान तू केलंस. सुई मी टोचली ना?"

"पण मी सांगितलं म्हणून टोचलीस."

"मला दिसत होतं गं. हात लावून कळलं होतं मला. तरी टोचली."

मला वाटलं होतं, मी चूक मान्य केली की तिच्या डोक्यावरचं ओझं माझ्याकडे येईल. तसं काही झालं नाही. माझं माझ्याकडे आलं आणि तिचं तिच्याकडेच राहिलं.

बाबा चार दिवसांनी घरी आले आणि हळूहळू पूर्वीसारखे झाले. चालणं तेवढं सावध झालं. घरी आल्यावर ते गमतीने म्हणाले, "तुझी आई मला मारायला निघाली होती." बाबांची गंमत अशीच असते, जन्मभर आम्ही हसत आलो आहोत. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी बाबांवर इतकी ओरडले की ते दचकले. बिचाऱ्यांना कळलंच नाही मी का ओरडले, आणि त्यांना समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. नंतर सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या आईला माझ्या अंगाचं माझ्याआधी कळतं. तिला सांग हे." तुम्ही सांगा, मी म्हटलं. दोघांनीही सांगितलं नाही. सांगून उपयोग होता की नव्हता, कोण जाणे.

तेव्हापासून आईने पेन हातात धरलं नाही. सकाळ-संध्याकाळ रुग्णसेवेच्या सेंटरमधून आया येते, ती शुगर बघते, ती टोचते. बाबा तोंड वाकडं करतात पण हात पुढे करतात. आई तेवढा वेळ बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालते, कपडे नसले तरी जाते. आणि मला फोन करते. भाताचं पाणी, दाराशी आलेल्या माणसाकडून कुरियर घेऊ का, यांना खोकला आहे तर पंखा लावू की नको. परवा तिने विचारलं की उन्हात ठेवलेलं लोणचं आता आत घेऊ का. गेली चाळीस वर्षं ती बाल्कनीतलं ऊन नुसतं बघून लोणचं आत घेते.

ऑफिसात तो धडा पुन्हा आला, दर नव्या तुकडीला येतोच. मी डब्याचं वाक्य म्हटलं नाही. फळ्यावर लिहिलं, अडुसष्ट आणि एकशे ऐंशी, दोन्ही अवतरण चिन्हांत, आणि विचारलं कोण मोठं. उत्तर बघून मुलं नेहमीसारखी हसली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण प्रत्यक्षात कोणाचं लक्ष गेलं नाही असं कसं होईल? इतका साधा फरक आहे." मी म्हटलं, लक्ष जातं. ज्याचं जातं त्याला आपण गप्प करतो. मग पुढचा विषय सुरू केला.

पान मी दुरुस्त केलं. अक्षरांचा आकडा करणारा तो एक शब्द लिहिला, मर्यादा कॉन्स्टमध्ये ठेवली, कमीची अट सगळ्यात वर नेली, शंभराच्या खालचे सगळे आकडे एकेक टाकून बघितले. सगळं बरोबर. आणि मग ते मी आईच्या फोनवरून काढून टाकलं.

तिच्या ते लक्षात आलं. "ते परत घाल ना," ती फोनवर म्हणाली. "तू म्हणालीस दुरुस्त झालंय. मग मला काही बघायला नको."

"तेच नकोय मला. तू बघायला हवं आहेस."

"मला नाही कळत आता."

"कळतं तुला! तुला तेव्हाही कळलं होतं!"

मी पुन्हा ओरडत होते. अपराधी वाटायला लागलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव, आणि तो नेमका तिच्यावरच निघतो. आई म्हणाली, "तूही मला आता टाळतेस. सांगायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही, मग मी काय करू?" आणि तिने फोन ठेवला. मी बसमधून उतरून पुढच्या बसने उलट बालीगंजला गेले. दार उघडून ती म्हणाली, "जेवलीस?" आम्ही दोघी जेवलो. भात थोडा कच्चा होता. मी आणखी एकदा वाढून घेतला.

असे महिने गेले. मी फोन उचलते. वर्गात असले तरी उचलते, मुलांना हात दाखवून बाहेर येते. पाणी घाल म्हणते, पंखा लाव म्हणते, कुरियर घे म्हणते. मी तिच्या घरातलं काहीही न बघता तिचं घर चालवते आणि प्रत्येक उत्तराला मला त्या सकाळचं "मग दे" ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात कसलासा मोर्चा होता, रस्ते बंद, आया येऊ शकली नाही. आईचा फोन आला तेव्हा मी फळ्याशी होते. बाहेर आले.

"काय झालं?"

"यांना सुचेनासं झालं होतं. मला ताई म्हणून हाक मारली."

"आई, ऐक, आधी मशीन काढ, बोट—"

"लिंबाचं सरबत दिलं. चांगली दोन चमचे साखर घालून. प्यायले सगळं. आता बसलेत, पेपर वाचताहेत."

"पण शुगर किती होती?"

"ती आता बघते. आधी सरबत दिलं." मग म्हणाली, "विचारायला नाही केला फोन. सांगायला केला. ठेवते."

तिने ठेवला. आत मुलं माझी वाट बघत होती. मला तिला म्हणायचं होतं, बरोबर केलंस. पुन्हा फोन लावावा असं वाटलं, नंबर काढलाही. मग वाटलं, तिला बरोबर म्हणणारी मी कोण. फोन खिशात टाकला आणि आत गेले.